स्केटबोर्डच्या चाकांमधील बेअरिंग : उतरवणे, तपासणे, बसवणे

२ नोव्हेंबर

भाच्याचा बोर्ड कामाला घेतला आहे. तक्रारी दोन आहेत : पुढचे डावे चाक हाताने फिरवले की लगेच थांबते, आणि बोर्ड चालू असताना मागच्या उजव्या चाकातून बारीक खडखड ऐकू येते. बोर्ड काही काळ ओल्या फरशीवर पडून होता असे कळले, त्यामुळे गंजाची शक्यता धरून चालले पाहिजे. भाच्याचे म्हणणे सरळ होते, "मामा, आठही बदलून टाकू की! नऊ नंबरची घेऊ." उघडून पाहिल्याशिवाय एकही बेअरिंग टाकायचे नाही, एवढे त्याच्याकडून कबूल करून घेतले; नऊ नंबराबद्दल सविस्तर नोंद नंतर करणार आहे.

प्रत्येक चाकात दोन, अशी एकूण आठ बेअरिंग आहेत आणि ती सर्व ६०८ या मापाची आहेत. आतील छिद्र ८ मिमी, बाहेरील व्यास २२ मिमी आणि रुंदी ७ मिमी असे हे माप असून स्केटबोर्डखेरीज रोलर स्केट आणि लहान विजेच्या मोटारी यांतही तेच वापरले जाते. नेहमीच्या ६०८ बेअरिंगमध्ये ५/३२ इंची, म्हणजे सुमारे ३.९७ मिमी व्यासाचे सात छर्रे असतात आणि ते एकमेकांना घासू नयेत म्हणून नायलॉनच्या किंवा पत्र्याच्या पिंजऱ्यात समान अंतरावर बसवलेले असतात. ॲक्सलवर, म्हणजे चाके ज्यावर फिरतात त्या दांडीवर, आतून बाहेर येताना क्रम असा लागतो : हँगरचा (ॲक्सल धरून ठेवणाऱ्या धातूच्या आडव्या भागाचा) खांदा, पातळ वॉशर, आतले बेअरिंग, स्पेसर (मधली पोकळ नळी), बाहेरचे बेअरिंग, दुसरा पातळ वॉशर आणि शेवटी नायलॉनची कडी असलेला लॉक नट.

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर अवलंबून आहे. बेअरिंगची बाहेरची रिंग चाकाच्या युरेथेनमध्ये, म्हणजे चाक ज्या रबरासारख्या प्लास्टिकचे असते त्यात, घट्ट बसलेली असते आणि आतली रिंग ॲक्सलवर सैल सरकते. त्यामुळे बेअरिंग काढताना किंवा बसवताना जो जोर लागतो, तो बाहेरच्या रिंगला लागतो. हा जोर आपण आतल्या रिंगवर दिला, तर तो बाहेरच्या रिंगपर्यंत छर्ऱ्यांमधूनच जातो. छर्रे आणि रिंगचा चर यांचा संपर्क अगदी बारीक जागेत होत असल्याने तेवढ्याच जागी प्रचंड दाब पडतो, आणि तो मर्यादेबाहेर गेला की चरात कायमचे खड्डे उमटतात. कारखान्यातून उत्तम निघालेले बेअरिंग बसवतानाच अर्धे निकामी झाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

आज फक्त चाकांवर खुणा केल्या. कोणते चाक कोणत्या कोपऱ्यातले आणि त्याची बाहेरची बाजू कोणती, हे खडूने लिहिले. चाके झिजताना एका बाजूला निमुळती होतात; परत बसवताना त्यांची अदलाबदल करायची असल्यास ती जाणूनबुजून करता यावी, आपोआप होऊ नये, एवढाच हेतू.

३ नोव्हेंबर

नट काढण्यासाठी अर्धा इंची पाना लागतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यामुळे १३ मिमीचा पाना चालून जातो, पण तो किंचित सैल बसतो आणि घट्ट नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. स्केटबोर्डसाठी मिळणाऱ्या एकत्रित पान्यात हे माप असतेच. शिवाय किंगपिनसाठी (ट्रकचे भाग एकत्र धरणाऱ्या मधल्या बोल्टसाठी) ९/१६ इंच आणि ट्रक, म्हणजे ॲक्सलसह फळीखालचा धातूचा सांगाडा, फळीला आवळणाऱ्या नटांसाठी ३/८ इंच अशी आणखी दोन मापे असतात. ॲक्सलचे आटे दोन्ही टोकांना उजवेच असतात, तेव्हा कोणत्याही बाजूचा नट समोरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेनेच सुटतो.

नट सुटला की पहिले लक्ष पातळ वॉशरकडे. तो बेअरिंगच्या तोंडाला तेलाने चिकटून राहतो, चाक ओढताच खाली पडतो, आणि जमिनीवर पडलेला असा वॉशर शोधणे हा वेळेचा शुद्ध अपव्यय आहे. त्याचा व्यास मुद्दाम लहान असतो, जेणेकरून तो फक्त आतल्या रिंगला टेकेल आणि नट किंवा हँगर फिरत्या बाहेरच्या रिंगला व झाकणाला घासणार नाही. नेहमीचा मोठा वॉशर त्याच्या जागी घातला तर चाक आवळताच ब्रेक लागल्यासारखे थांबते. पुढच्या डाव्या चाकात आतल्या बाजूचा वॉशर नव्हताच. ते चाक लवकर थांबण्याचे निदान अर्धे कारण इथेच सापडले.

चाकातून बेअरिंग काढण्यासाठी ट्रकचा ॲक्सलच वापरला. चाक पूर्ण न घालता ॲक्सलच्या टोकावर फक्त बाहेरच्या बेअरिंगइतके, म्हणजे साधारण ७ मिमी, अडकवायचे, चाक मुठीत धरून तिरके करायचे आणि तशाच तिरक्या अवस्थेत सावकाश बाहेर ओढायचे. ॲक्सलची कड आतल्या रिंगमध्ये अडकते, चाक तरफेसारखे काम करते आणि बेअरिंग थोडे उचकटते. चाक थोडे फिरवून पुन्हा तेच केले की ते सर्व बाजूंनी सारखे वर येत निसटते. यात जोर आतल्या रिंगवरच पडतो, म्हणजे वर लिहिलेला नियम इथे मोडतो, हे मान्यच करायला हवे. बेअरिंगच्या मागे बाहेरच्या रिंगला धरता येईल अशी जागा नसल्याने हाताच्या साधनांनी दुसरा मार्ग फारसा उरत नाही. त्यावर उपाय एकच : धक्का न देता जोर हळूहळू वाढवायचा आणि एकाच बाजूने ओढत राहायचे नाही. ६०८ बेअरिंगची स्थिर भारक्षमता सुमारे १.३७ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने १४० किलो वजनाइतकी असते. ही क्षमता त्रिज्येच्या दिशेतल्या भारासाठी सांगितलेली असल्याने तिरक्या ओढीला ती जशीच्या तशी लावता येत नाही, तरी हाताच्या संथ ओढीत आणि त्या आकड्यात बरेच अंतर राहते. हातोडीच्या एका ठोक्यात ते अंतर क्षणात संपते. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटणे तर सर्वांत वाईट, कारण त्याचे टोक झाकणातून घुसून पिंजरा फोडते आणि युरेथेनची बैठकही खरवडते.

सात बेअरिंग अशीच निघाली. पुढच्या डाव्या चाकाचे आतले बेअरिंग मात्र चाकाबरोबर आलेच नाही. गंजामुळे त्याची आतली रिंग ॲक्सलला धरून बसली होती, आणि चाक ओढल्यावर बेअरिंग ॲक्सलवरच राहिले. ॲक्सल आणि रिंग यांच्या सांध्यात गंज सैल करणारे पातळ तेल सोडून ते तासभर मुरू दिले, मग दोन पातळ लाकडी पाचरी समोरासमोर घालून सारखा जोर देत ते सरकवले. खाली ॲक्सलवर तपकिरी कडे उमटलेले होते. बारीक पॉलिश पेपरने ते हलकेच घासून काढले आणि ॲक्सल पुसून त्यावर तेलाचा हात फिरवला.

५ नोव्हेंबर

आज झाकणे उघडली. या बोर्डवर दोन प्रकारची बेअरिंग मिसळलेली आहेत, म्हणजे आधीही कोणीतरी काही बदललेली दिसतात.

रबरी सील असलेल्यांचे काम सोपे आहे. सुईचे टोक सील आणि आतली रिंग यांच्या मधल्या फटीत घालायचे, अगदी वरवर, आणि सील उचलायचे; टोक खोल गेले तर पिंजऱ्याला ओरखडा पडतो. पत्र्याच्या झाकणांना बाहेरच्या कडेने बारीक तारेची तुटक कडी असते. भिंगाखाली त्या कडीचे टोक शोधले, टाचणीने ते आत दाबून वर उचलले की कडी उसळते, आणि पाठोपाठ झाकण खाली पडते. कडी उसळताना डोळ्यांवर चष्मा असलेला बरा. काही बेअरिंगांची झाकणे कडेने दाबून कायमची बसवलेली असतात. ती काढली तर पुन्हा बसत नाहीत. अशा वेळी फक्त आतल्या, म्हणजे स्पेसरच्या बाजूचे झाकण काढून टाकणे आणि बाहेरचे तसेच ठेवणे हा मधला मार्ग चालतो, कारण माती बाहेरच्याच बाजूने येते.

पिंजरा मी काढत नाही. तो निघाला की सातही छर्रे एका बाजूला जमा होतात, आतली रिंग दुसऱ्या बाजूला सरकते आणि छर्रे टेबलभर पसरतात. स्केटबोर्डच्या आरंभीच्या काळात चाकांमध्ये असे सुटे छर्रेच असत आणि शंकूच्या आकाराच्या नटाने ते दाबून धरलेले असत; नट जरा ढिला झाला की छर्रे रस्त्यावर सांडत. १९७०च्या दशकात युरेथेनच्या चाकांपाठोपाठ बंदिस्त बेअरिंग आली आणि तो त्रास संपला. तो मुद्दाम परत आणण्याचे कारण नाही.

६ नोव्हेंबर

धुण्यासाठी नव्वद टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरले. झाकणाच्या काचेच्या बरणीत बेअरिंग बुडतील एवढे घेऊन ती हलवली, द्रव काळा झाला की ओतून नवा घेतला, आणि तळाशी गाळ दिसेनासा होईपर्यंत हेच चालू ठेवले. खिडकी उघडी, आसपास ज्योत नाही. रबरी सील मात्र साबणाच्या पाण्यात वेगळे धुतले. ॲसिटोन काही जण वापरतात, पण ते रबर फुगवते आणि काही प्लास्टिक विरघळवते. पिंजरा कशाचा बनला आहे याची खात्री नसेल तर त्याच्या वाटेला न गेलेले बरे.

पाण्याचा वापर मी शेवटपर्यंत टाळतो. बेअरिंगचे नेहमीचे पोलाद अतिशय कठीण असते, पण त्यात क्रोमियम सुमारे दीड टक्काच असते. न गंजणाऱ्या पोलादाला ते निदान साडेदहा टक्के लागते. त्यामुळे तेल निघून गेलेले कोरडे बेअरिंग दमट हवेत एका रात्रीतही तांबूस होऊ शकते. सिरॅमिक बेअरिंगांत छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे असल्याने ते गंजत नाहीत, पण बहुतेकांच्या रिंगा पोलादीच असतात आणि त्या गंजतात, ही गोष्ट घेणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

वाळवताना हवेच्या झोताने बेअरिंग गरगर फिरवण्याचा मोह होतो, आवाजही छान येतो. ते करू नये. तेलाविना त्या वेगाने फिरणारे छर्रे चराला ओरखडे पाडतात आणि पिंजरा तुटला तर ते गोळीसारखे सुटू शकतात. मी बेअरिंग कपड्यावर उघड्या बाजूने आपटून आतला थेंब झटकला आणि उरलेले उडून जाऊ दिले.

त्यानंतरची तपासणी हा या सगळ्या कामातला माझ्या आवडीचा भाग. बेअरिंग पूर्ण कोरडे असतानाच ती करावी लागते, कारण तेल किंवा ग्रीस दोष झाकून टाकते. अंगठा आणि तर्जनी आतल्या रिंगच्या दोन्ही तोंडांवर ठेवून ती धरायची, दुसऱ्या हाताने बाहेरची रिंग एका बाजूला किंचित दाबायची, आणि अगदी सावकाश, तासाच्या काट्यासारखी वाटावी इतक्या मंद गतीने फिरवायची. दाब आलटून पालटून दोन्ही बाजूंना द्यायचा, कारण खड्डे बहुधा चराच्या एकाच उतारावर असतात. बोटांना जे जाणवते ते तीन प्रकारचे असते. अधूनमधून, नियम नसलेली खरखर लागली तर आत कचरा राहिला आहे आणि पुन्हा धुवून ती जाऊ शकते. सगळीकडे सारखी, वाळूसारखी खरखर लागली तर चरावर गंज धरला आहे. आणि फिरवताना ठरावीक अंतराने रिंग क्षणभर अडकून पुढे सुटल्याचा भास झाला, तर चरात छर्ऱ्यांनी खड्डे पाडले आहेत. सात छर्रे म्हणजे चरात दर सुमारे ५१ अंशांवर एक खड्डा. असा समान अंतराने एकेक अडथळा लागत गेला, की शंका उरत नाही.

मागच्या उजव्या चाकाच्या दोन्ही बेअरिंगांत नेमके हेच सापडले. भिंगाखाली बाहेरच्या बेअरिंगचा चर पाहिला : आरशासारख्या पट्टीवर एका कडेने रांगेत अंधुक लंबगोल ठसे, प्रकाशाकडे तिरके धरले की चमक मोडते अशा जागा. ठसे चराच्या एकाच बाजूला होते, म्हणजे जोर वजनाचा नव्हता, ॲक्सलच्या दिशेने आलेला होता. उड्यांमध्ये चाक आडवे आपटल्यानेही असे होऊ शकते, पण दोन्ही बेअरिंगांत ठसे आतल्या रिंगला आत ढकलल्यावर उमटावेत त्याच बाजूला असल्यामुळे ती कधीतरी आतल्या रिंगवर ठोकून बसवली गेली असावीत, असे माझे मत आहे. खडखड तिथलीच.

पुढच्या डाव्या चाकाचे गंजलेले आतले बेअरिंगही टाकले; चरावर काळे चट्टे आहेत आणि धुण्याने ते जाणार नाहीत. उरलेली पाच उत्तम आहेत. भाच्याच्या आठांच्या हिशेबाऐवजी तीनच नवी लागतील.

९ नोव्हेंबर

आता नऊ नंबर. बेअरिंगवर एबीईसी या अक्षरांपुढे १, ३, ५, ७ किंवा ९ असा आकडा छापलेला असतो. अक्षरे ॲन्युलर बेअरिंग इंजिनिअर्स कमिटी या नावाची आहेत. ही अमेरिकन बेअरिंग मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनची समिती. हे वर्ग आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ४९२ मधील नॉर्मल, ६, ५, ४ आणि २ या वर्गांशी अनुक्रमे जुळतात. आकडा वाढत जातो तशी रिंगांच्या मापांची आणि फिरण्याची अचूकता वाढत जाते. पोलाद कोणते, छर्रे किती गुळगुळीत, पिंजरा कशाचा, ग्रीस कोणते आणि झाकण माती किती अडवते, यांपैकी कशाचाही त्या आकड्यात समावेश नाही. आणि स्केटबोर्डवर बेअरिंग किती दिवस टिकते हे नेमके याच गोष्टी ठरवतात.

अचूकतेचा आकडाही एकदा मोजून पाहावा. ८ मिमी छिद्राच्या बेअरिंगमध्ये नॉर्मल वर्गात छिद्राच्या सरासरी मापाला ८ मायक्रोमीटरची सवलत असते. आयएसओच्या ५ या वर्गात, म्हणजे एबीईसी ५ मध्ये, ती ५ मायक्रोमीटरवर येते. या बोर्डचा ॲक्सल मी कॅलिपरने मोजला तो ७.९४ मिमी भरला, म्हणजे तो ५/१६ इंची आहे. ८ मिमीच्या छिद्रात ७.९४ मिमीचा ॲक्सल म्हणजे ६० मायक्रोमीटरची पोकळी. ज्या जागी ६० मायक्रोमीटर मोकळे सोडलेले आहेत तिथे ८ चे ५ झाल्याने चाकाला काय कळणार? बाहेरची रिंग तर मऊ युरेथेनमध्ये बसते, आणि युरेथेनची बैठक मायक्रोमीटरच्या भाषेत बोलतच नाही.

वेगाच्या बाबतीतही तेच. ५२ मिमी व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे १६३ मिमी. ताशी २० किलोमीटर वेगाने ते मिनिटाला साधारण २,०४० फेरे घेते. साध्या ६०८ बेअरिंगची वेगमर्यादा उत्पादकांच्या तक्त्यांत मिनिटाला काही दहा हजार फेऱ्यांची असते. उंच वर्गाची अचूकता यंत्रांच्या अतिवेगवान दांड्यांसाठी आहे, आणि तिथे ती पैसा वसूल करते.

भाच्याला हे सांगितल्यावर त्याने विचारले, "मग मामा, माझ्या मित्राच्या बोर्डचं चाक हवेत एवढा वेळ कसं फिरतं?" उत्तर सोपे आहे. हवेत फिरणाऱ्या चाकावर भार नसतो, आणि भार नसताना अडथळा करणारे मुख्यतः ग्रीस आणि सील यांचे घर्षण असते. दाट ग्रीस काढून दोन थेंब पातळ तेल घातले की कोणतेही सुस्थितीतले बेअरिंग हवेत पुष्कळ वेळ फिरते. माणूस उभा राहिला की चित्र बदलते : आता युरेथेन जमिनीवर दबून सुटताना जी ऊर्जा खाते, तिच्यापुढे चांगल्या बेअरिंगचे घर्षण किरकोळ ठरते. हवेतली फिरकी बेअरिंगमधला दोष दाखवू शकते, पण चांगल्या दोन बेअरिंगांत डावे-उजवे करण्याच्या कामाची ती नाही. तीन नवी साधी, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली, ग्रीस भरलेली घेतली.

जुन्या पाचांना हलके यंत्रतेल, प्रत्येकी दोन थेंब, उघड्या बाजूने छर्ऱ्यांवर. जास्त तेल बाहेर येऊन माती धरते. गंज सोडवणारे फवाऱ्याचे पातळ द्रव वंगण म्हणून वापरू नयेत. त्यांतला मोठा भाग विद्रावकाचा असतो, तो आधीचे ग्रीस धुऊन नेतो आणि मागे अपुरा थर ठेवतो. बोर्ड पुन्हा ओल्यात जाणार असेल तर तेलापेक्षा ग्रीस बरे, थोडे जड फिरले तरी.

१० नोव्हेंबर

बसवण्याआधी चाकाची बैठक कोरड्या कपड्याने पुसली. तिथे अडकलेला वाळूचा एक कण बेअरिंगला तिरके बसवायला पुरेसा असतो, आणि तिरके बसलेले बेअरिंग कितीही चांगले असले तरी चाक डुलतेच. तेल लावून बेअरिंग सरकवणे मी टाळतो, कारण बैठकीत बाहेरची रिंग घट्टच धरली गेली पाहिजे.

दाबण्यासाठी सपाट जबड्यांचा छोटा शिकंजा आणि दोन लाकडी फळ्या वापरल्या. ६०८ बेअरिंगच्या दोन्ही रिंगांची तोंडे एका पातळीत असतात, त्यामुळे सपाट फळीने दाबले की जोर दोन्ही रिंगांवर एकत्र येतो आणि छर्ऱ्यांना काही भोगावे लागत नाही. बेअरिंग चाकाच्या तोंडापेक्षा किंचित आत बसणारे असेल तर शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरसाठी टाकून दिलेल्या बेअरिंगचाच ठोकळा मध्ये ठेवला. व्यास तोच असल्याने तोही दोन्ही रिंगांवर सारखा टेकतो. शिकंजा नसेल तर ॲक्सलवर बेअरिंग ठेवून चाक तळहाताने वरून दाबणे ही रूढ रीत आहे. त्यात जोर आतल्या रिंगमधून जातो, पण संथ दाबाने एवढ्याशाने काही बिघडत नाही. हातोडी मात्र खोक्यातच राहावी. उघडी बाजू असलेली बेअरिंग झाकण बाहेर करूनच बसवली.

स्पेसरवर आज अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. स्पेसर ही १० मिमी लांबीची पोकळ नळी दोन्ही आतल्या रिंगांच्या मध्ये बसते. ७ अधिक १० अधिक ७, म्हणजे २४ मिमीचा एक सलग खांब तयार होतो. नट कितीही आवळला तरी तो जोर रिंग, स्पेसर, रिंग असा सरळ जातो आणि छर्ऱ्यांवर आडवा दाब येत नाही. स्पेसर नसेल तर नट आवळताच आतल्या रिंगा एकमेकींकडे सरकतात, बाहेरच्या युरेथेनमध्ये जागच्या जागी राहतात, आणि छर्रे चराच्या कडेवर चढतात.

पण हे तेव्हाच, जेव्हा स्पेसरची लांबी चाकातल्या दोन बैठकांमधल्या अंतराशी जुळते. चारही स्पेसर मोजले : दोन १०.०, एक १०.१ आणि एक ९.८ मिमी. ०.२ मिमीची त्रुटी ऐकायला क्षुल्लक वाटते. मात्र नॉर्मल वर्गाच्या बेअरिंगमध्ये छर्ऱ्यांना त्रिज्येच्या दिशेने असलेली मोकळीक २ ते १३ मायक्रोमीटर एवढीच असते, आणि आडव्या दिशेची त्याहून जास्त असली तरी ती मिलिमीटरच्या काही शतांशांतच असते. ९.८ चा स्पेसर १० मिमीच्या चाकात घालून नट आवळला की दोन्ही बाजूंना ०.१ मिमीचा दाब येतो. युरेथेन दबून त्यातला काही भाग झेलते, पण आत कठीण प्लास्टिकचा गाभा असलेल्या चाकात तेवढीही सूट नसते. म्हणून चाकांच्या बैठकांमधले अंतर खोलीमापकाने मोजून प्रत्येक चाकाला साजेसा स्पेसर निवडला. पुढच्या उजव्या चाकाचे अंतर १०.१ आहे, त्याला १०.१ चा मिळाला. ९.८ चा कुठेच बसला नाही. तो बाजूला ठेवून त्याच्या जागी नवा घेतला.

दुसरे बेअरिंग दाबण्यापूर्वी स्पेसर आत टाकावा लागतो, हे सांगण्याची गरज नसावी. तो तिरका राहू नये म्हणून दाबताना छिद्रातून ८ मिमीची गुळगुळीत दांडी आरपार ठेवली.

नट : पुढच्या डाव्या ॲक्सलवरचा नट बोटाने शेवटपर्यंत फिरत होता, म्हणजे त्याची नायलॉन कडी झिजली आहे. उजव्या आट्यांवर फिरणारे चाक अशा नटाला हळूहळू सोडवत जाते, त्यामुळे तो बदलला. ॲक्सलचे टोक जमिनीवर आपटून पहिला आटा चपटा झाला होता. पान्याच्या दांड्यातल्या आटे पाडणाऱ्या साच्याने तो सरळ केला. माप ५/१६ इंच, इंचाला २४ आटे.

आवळणे : स्पेसर बरोबर असलेल्या चाकांत आडवा खेळ पूर्ण जाईपर्यंत नट आवळला आणि तिथेच थांबलो. ज्या बोर्डांत स्पेसर नाहीत तिथे रीत वेगळी आहे. खेळ संपेपर्यंत आवळून मग नट किंचित मागे घ्यावा, चाक आडवे हलवल्यावर हलकासा टिक् ऐकू यावा. इंचाला २४ आटे म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला सुमारे १.०६ मिमी, म्हणून अष्टमांश फेराही ०.१३ मिमी देतो आणि सहसा तेवढा पुरतो. पाव फेरा जास्त होतो, चाक खडखडू लागते. पुढच्या डाव्या चाकाला हरवलेला पातळ वॉशर मिळाला.

२३ नोव्हेंबर

बोर्ड वापरात आहे. मागच्या उजव्या चाकाची खडखड गेली. मागच्या डाव्या चाकात मात्र पहिल्या काही दिवसांनंतर थोडा आडवा खेळ आला होता; वजन पडल्यावर बेअरिंग युरेथेनच्या बैठकीत शेवटचे सरकून बसते आणि नटाला तेवढी ढील मिळते. उलगडून पाहिले, आत सर्व जागच्या जागी होते, नट पुन्हा आवळला. बेअरिंग नव्याने बसवल्यावर थोडे चालवून नट तपासणे हा या कामाचाच भाग धरला पाहिजे.

नवी तीन बेअरिंग हवेत अजून जुन्यांपेक्षा कमी फिरतात, कारण त्यांत कारखान्याचे दाट ग्रीस आहे. भाच्याने ते धुऊन पातळ तेल घालण्याची विनंती केली आहे. ती फेटाळली : बोर्ड ओल्या फरशीवर राहतो तोपर्यंत ते ग्रीसच त्यांचे रक्षण करणार आहे.

आज चारही चाकांवर कोरड्या बेअरिंगची तीच बोटांनी करायची तपासणी करता आली नाही, कारण सील उघडलेले नाहीत. चाक ॲक्सलवरच ठेवून, बोर्ड उलटा करून, हात चाकावर हलका दाबून सावकाश फिरवले. पुढच्या उजव्या बाहेरच्या बेअरिंगमध्ये अनियमित, अगदी बारीक खरखर लागली. पाच जुन्यांपैकी ते एक आहे आणि त्याचे पत्र्याचे झाकण थोडे वाकलेले आहे. कचरा तिथूनच गेला असणार. पुढच्या धुण्यात त्याला दुसऱ्या टाकाऊ बेअरिंगचे चांगले झाकण बसवायचे आहे. दोन्ही एकाच प्रकारच्या कडीची आहेत, मापही जुळते, हे आजच तपासून डबीत वेगळे ठेवले.